आकडा आमचा, वही त्यांची

३१ ऑक्टोबर २०२३ ला राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. शिरूर आणि दौंड दोन्ही तालुके त्या यादीत होते. त्या आठवड्यात रांजणगावात चहाच्या टपरीवर दोनच प्रश्न चालले होते. आपला तालुका बसला का? आणि बसला तर मिळणार काय? कुठल्या आकड्यावर बसला, हा तिसरा प्रश्न कुणी विचारला नाही. खरे सांगायचे तर आम्हीही विचारला नाही. तो विचारला घोडनदीच्या पलीकडच्या पाव्हण्यांनी. नदीच्या अलीकडे दुष्काळ, पलीकडे पारनेर-श्रीगोंद्यात नाही. पाऊस काय नदीचे पात्र बघून पडतो का? पाव्हणे रागाने विचारत होते आणि आम्हाला उत्तर येत नव्हते.

उत्तर होते, आणि ते कुणी लपवूनही ठेवले नव्हते. केंद्र सरकारने २०१६ साली दुष्काळ संहिता आणली. तिच्यात पावसाची तूट, पावसातला खंड, पेरणीचे क्षेत्र, उपग्रहातून दिसणारा पिकाचा हिरवेपणा, जमिनीतली ओल, धरणाविहिरींचे पाणी अशा पायऱ्या आहेत. प्रत्येक तालुका या पायऱ्यांवरून चाळला जातो. ४० तालुक्यांबाहेर आरडाओरडा झाला तेव्हा राज्याने नोव्हेंबरात दुसरी चाळणी काढली. जून ते सप्टेंबर सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी पाऊस झालेली महसूल मंडळे त्यातून निवडली. अशी सुमारे हजार मंडळे ‘दुष्काळसदृश’ ठरली. गावातली म्हातारी माणसे मात्र अजून तिसरीच चाळणी धरून आहेत. ती म्हणजे आणेवारी. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा सोळा आणे पीक म्हणजे भरलेले पीक. नाणी बदलली, आणेवारीची पैसेवारी झाली, आणि ५० पैशांच्या खाली गेले की गाव टंचाईत, हा हिशेब लोकांच्या डोक्यात पक्का बसला. एकाच वावराला तीन चाळण्या आणि तिन्हींचे निकाल वेगळे. कुठली कधी लावली हे ज्याला कळते तो अर्ज करतो. ज्याला कळत नाही तो शिव्या देतो आणि घरी जातो.

आकडे कुणाचे असतात? पेरा किती ते आपण सांगतो. पीक किती ते आपल्या वावरात मोजतात. कर्ज किती ते पाहणीवाला आपल्याच ओट्यावर बसून, आपलाच चहा पिऊन लिहून घेतो. हे सगळे आपल्याकडून जाते आणि परत येतो तो फक्त निकाल. मधला हिशेब वहीत राहतो आणि ती वही आपल्या हाती लागत नाही.

दरवर्षी २९ जूनला सांख्यिकी दिन असतो. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा तो जन्मदिवस, २००७ पासून सरकार तो साजरा करते. सभागृहात परिसंवाद होतात, जनतेने आकडेसाक्षर व्हावे असे भाषणातून सांगितले जाते. त्या दिवशी आपण पेरणीत असतो, त्यामुळे आपल्याला ते ऐकू येत नाही. महालनोबिसांच्या कामाबद्दल आम्हाला आदर आहे. पण आकडे वाचायला शिकवण्याची जागा सभागृह नाही. ज्याच्याकडून आकडा घेतला त्याच्यापुढे तो परत मांडणे, कसा काढला ते सांगणे आणि चुकला असेल तर तिथल्या तिथे ऐकून घेणे, याहून मोठी शाळा नाही. दिल्लीचे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय असो नाही तर मुंबईचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय असो, आमचे सांगणे एवढेच आहे.

हे आजचे दुखणे नाही. रांजणगावापासून जवळच, आमच्याच तालुक्यात, जातेगाव बुद्रुक नावाचे गाव आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरल्ड मान यांनी आधी पिंपळे सौदागर या गावाचा घर न् घर पिंजून हिशेब काढला. तो १९१७ साली छापला गेला. आज तिथे मजल्यांवर मजले उभे आहेत, पण तेव्हा १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत वाटली गेलेली होती आणि त्यातले ४६३ तुकडे एकराच्या आतले होते. १७७१ साली सरासरी खाते ४० एकरांचे होते, ते १९१५ साली ७ एकरांवर आले. सरकारी कचेरीत बसून हे दिसले नसते. पिंपळ्यानंतर मानसाहेब आणि एन. व्ही. कानिटकर जातेगावला आले. कोरडवाहू, बेभरवशाच्या पावसाचे आणि कर्जात बुडालेले गाव त्यांनी तसेच्या तसे कागदावर उतरवले. ते पुस्तक १९२१ साली निघाले. याच कानिटकरांनी पुढे १९४४ साली हिंदुस्थानातल्या कोरडवाहू शेतीवर ग्रंथ लिहिला.

काम अव्वल होते. पण ते इंग्रजीत निघाले. ज्यांची भांडीकुंडी, बैल आणि सावकाराची देणी त्यात मोजली होती त्यांना ते वाचता येण्याचा प्रश्नच नव्हता. ‘साहेब, माझे एवढे कर्ज नाही’ किंवा ‘याहून जास्त आहे’ असे म्हणायची सोय जातेगावच्या एकाही माणसाला नव्हती. शंभर वर्षांत वही जाड झाली, संगणकात गेली. ती चावडीवर यायची मात्र राहिली आहे.

आता ज्या आकड्यावर आपले पोट आहे त्याकडे येऊ. तो म्हणजे पीक कापणी प्रयोगाचा आकडा. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात विमा मिळत होता. २०२५ च्या खरिपात तो बंद झाला आणि हप्त्यातला हिस्सा पुन्हा आपल्याला भरावा लागला. त्याच वेळी स्थानिक आपत्तीसारखे भरपाईचे निकषही काढून टाकले आणि मंडळाचे मोजलेले उत्पन्न हाच आधार ठेवला. म्हणजे त्या हंगामात तुमच्या वावराची पंचनाम्याची चिठ्ठी कामाची नव्हती, मंडळात निवडलेल्या तुकड्यांवरून निघालेला आकडाच काय तो कामाचा होता. गावात मात्र विम्याबद्दल जेवढी बोलाचाली होते तिच्या दहाव्या हिश्शानेही या आकड्याबद्दल होत नाही.

हा हिशेब पाचवी शिकलेल्या माणसाला समजेल असा आहे, म्हणून इथे मांडतो. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. समजा तुमच्या मंडळात जिरायत शाळूचे गेल्या सात वर्षांचे हेक्टरी उत्पन्न किलोमध्ये असे होते: ९००, ४००, ८५०, ३००, ७००, ८००, ५००. यातली सर्वांत वाईट दोन वर्षे, म्हणजे ४०० आणि ३००, सोडायची. उरलेल्या पाचांची बेरीज ३,७५०, सरासरी ७५०. राज्यात जोखीमस्तर ७० टक्के धरतात. ७५० चे ७० टक्के म्हणजे ५२५ किलो. याला उंबरठा उत्पादन म्हणतात. यंदाचे मंडळाचे उत्पन्न या उंबरठ्याच्या आत आले तरच दार उघडते. समजा ४५० किलो आले. ५२५ मधून ७५ कमी, म्हणजे सातवा हिस्सा तूट. हेक्टरी संरक्षित रक्कम ३०,००० धरली तर भरपाई ४,२८५ रुपये. उत्पन्न ५६० आले तर भरपाई शून्य. तुमच्या गटात २०० किलोच निघाले असतील, तरी शून्य.

मंडळाचे ते ५६० आले कुठून, हा खरा प्रश्न. मंडळात एका पिकाचे निदान दहा प्रयोग घ्यायचे असतात. समजा नऊ तुकड्यांत हेक्टरी ४०० किलोप्रमाणे निघाले आणि दहाव्या तुकड्यात २,०००, कारण तो विहिरीच्या पाटाला लागून होता आणि त्याला दोन पाणी मिळाले होते, पण कागदावर नोंद जिरायत अशीच झाली होती. नऊ चोक छत्तीसशे, अधिक दोन हजार, भागिले दहा. उत्तर ५६०. नऊ शेतकरी उंबरठ्याच्या आत असताना एका ओल्या तुकड्याने सगळे मंडळ बाहेर काढले. हेच दहा आकडे ओळीने लावून मधला आकडा पाहिला असता तर तो ४०० निघाला असता. शाळेच्या पुस्तकात त्याला मध्यक म्हणतात, दहावीच्या पोराला तो काढता येतो. विम्याचा नियम सरासरीचा आहे आणि तो उद्या बदलणार नाही. पण त्या दहा तुकड्यांचे दहा आकडे, गट नंबरासह आणि पाणी दिले होते की नाही यासह, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले असते, तर त्याच संध्याकाळी कुणीतरी म्हणाले असते, अहो, तो गट जिरायत कसा? तेवढ्यासाठी कोर्टात जावे लागले नसते.

मागे एका मंडळातले हे आकडे आम्ही मागायला गेलो. ‘ते वर पाठवलेत’ असे उत्तर मिळाले. वर गेलो तेव्हा ‘ते खालून यायचेत’ असे कळले. त्या माणसांवर आमचा राग नाही. आकडा मागायला शेतकरी येईल हीच गोष्ट त्यांच्या ध्यानीमनी नव्हती.

या प्रयोगाला आपले लोक लॉटरी म्हणतात. म्हणतात ते खरेच आहे, आणि ती लॉटरीच असली पाहिजे. शितावरून भाताची परीक्षा होते हे बाईमाणसाला शिकवावे लागत नाही. पण भात सारखा ढवळलेला असेल तरच एक शीत पुरते. वरचे शीत कच्चे आणि बुडाचे करपलेले असेल तर कुठले शीत उचलले यावर परीक्षा अवलंबून राहते. म्हणून शीत कुणी निवडायचे नाही, ना साहेबाने, ना सरपंचाने, ना आपण. चिठ्ठीने निघेल तो गट, त्यातही चिठ्ठीने निघेल तो कोपरा. देशातल्या पिकांच्या मोजणीत ही रीत बसवणाऱ्यांत पुढे होते ते पांडुरंग सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, १९११ सालचा जन्म. खटावच्या दुष्काळी पट्ट्यातल्या त्या गावातून निघालेला माणूस पुढे जागतिक अन्न व शेती संघटनेत गेला. त्यांचा आणि महालनोबिसांचा मोठा वाद झाला होता, तो तुकडा केवढा घ्यायचा यावर. सुखात्म्यांचे म्हणणे असे, की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसते. का? कडेचे ताट आत की बाहेर असा प्रश्न आला, की कापणारा ते आत धरतो. लहान तुकड्याला कड जास्त आणि पोट कमी, म्हणून तिथे ही चूक मोठी होते. ज्याने आयुष्यात एकदा शाळू कापला आहे त्याला हे सांगताच पटते. आकडेशास्त्र आपल्या डोक्यावरून जाते असे कुणी म्हणाले तर हा वाद त्याला सांगा.

आता कापूसवाल्यांचे. आमच्याकडे कापूस नाही, पण हे पत्रक जिथे जाते तिथल्या निम्म्या वावरांत तो उभा असतो. सरकारी कागदावर २०२३-२४ साली देशात सुमारे १२७ लाख हेक्टरांत सुमारे ३२५ लाख गाठी कापूस झाला. म्हणजे हेक्टरी साधारण ४३५ किलो. हे वाचून कापूसवाला म्हणतो, खोटे आहे, एवढे कमी कसे? किंवा म्हणतो, सरकार आपल्याला आळशी ठरवते. दोन्ही नाही. ते ४३५ किलो रुईचे आहेत, कपाशीच्या बोंडातून वेचलेल्या, सरकीसकट कापसाचे नाहीत. क्विंटलभर कापसातून ३४ किलो रुई धरली तर हेक्टरी बाराशे ऐंशी किलो कापूस होतो आणि एकरी पाच-सव्वापाच क्विंटल. आता प्रत्येकजण आपले आपण ताडून पाहू शकतो. हा एवढा भागाकार सांख्यिकी कार्यालयाने स्वतः करून कागदाच्या तळाला का छापू नये? शेतकरी एकरात पेरतो आणि क्विंटलमध्ये विकतो, गाठी जिनिंगवाला मोजतो. त्यात आपली गाठ १७० किलोची आणि अमेरिकेची ४८० पौंडांची, म्हणजे जवळजवळ २१८ किलोची. अमेरिकेत एवढ्या लाख गाठी झाल्या अशी बातमी आली आणि बाजार पडला, की आपण आपल्या गाठीने हिशेब करतो आणि पाव हिश्शाहून जास्त चुकतो. व्यापारी चुकत नाही. त्याच्या खिशात दोन्ही मापे असतात.

अमेरिकेची गोष्ट निघालीच आहे तर ही कापसाचीच आहे. १९०५ साली तिथल्या शेती खात्यातल्या होम्स नावाच्या आकडेवाल्याने कापसाचा अंदाज जाहीर व्हायच्या आधी सट्टेवाल्यांना फोडला. खिडकीचा पडदा वरखाली करून तो खुणा देई, असे सांगतात. मोठा गवगवा झाला. त्यानंतर अंदाज काढायला मंडळ बसवले आणि पुढे तर अंदाज काढणारे बंद खोलीत, फोन तोडून, ठरलेली वेळ होईपर्यंत कोंडून घेण्याची रीत पडली. दलाल आणि शेतकरी दोघांना आकडा एकाच मिनिटाला मिळावा म्हणून. त्याहूनही आम्हाला आवडली ती दुसरी रीत. आमचा पहिला अंदाज आणि शेवटचा आकडा यांत मागच्या वर्षांत किती फरक पडत आला आहे, हे ते खाते आपल्याच अहवालात छापते. आपण किती चुकतो हे सांगणारे कार्यालय लोकांना आकडा वाचायला शिकवते. आपल्याकडे पहिला आगाऊ अंदाज, दुसरा, तिसरा, अंतिम असे आकडे बदलत जातात. प्रत्येक बदल म्हणजे लबाडी असे शेतकऱ्याला वाटते. लबाडी असेलही कधी. पण अंदाज पेऱ्यावरून सुरू होतो आणि वेचणी संपता संपता पक्का होतो, म्हणून तो हलणारच, हे कधी कुणी सांगितले का?

सरासरीने आपल्याला जेवढे फसवले तेवढे व्यापाऱ्यानेही नसेल. पुणे जिल्ह्याच्या पावसाची सरासरी काढा. त्यात लोणावळ्याचा चार हजार मिलिमीटरांवरचा पाऊसही आला आणि शिरूर-दौंडचा पाचशेच्या आसपासचाही. जिल्ह्यात ‘सरासरीइतका’ पाऊस झाला म्हणजे कुणाच्या वावरात झाला? जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न काढा. त्यात हिंजवडीही आहे, चाकणही आहे आणि आमच्या रांजणगावची एमआयडीसीही आहे. कारखान्याच्या कुंपणाला लागून ज्याची चार एकर माळरान आहे तो कागदावर कारखान्याबरोबर श्रीमंत होतो.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली शेतकरी कुटुंबांची पाहणी केली. महिन्याचे सरासरी उत्पन्न निघाले १०,२१८ रुपये, महाराष्ट्रात ११,४९२. सहा वर्षांपूर्वीच्या पाहणीत देशाचा आकडा ६,४२६ होता. मथळे आले, उत्पन्न ५९ टक्के वाढले. पण त्या सहा वर्षांत तेल, मीठ, शाळेची फी, दवाखाना किती वाढले ते वजा केल्याशिवाय ही वाढ कुणाच्या घरात पोचली ते कळत नाही. आणि आतले घटक पाहिले तर चित्र पालटते. पिकातून ३,७९८ रुपये, मजुरीतून ४,०६३. म्हणजे कागदावर ज्याला शेतकरी म्हटले तो सरासरीने शेतीच्या पिकापेक्षा दुसऱ्याच्या कामावर जास्त मिळवतो. आमच्या मते त्या पाहणीतली सर्वांत मोठी बातमी ही होती. ती कार्यालयाच्याच कोष्टकात होती. मथळा मात्र बेरजेचा झाला. कोष्टके काढणाऱ्यांनी ‘या आकड्यावरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही’ अशा चार ओळी सोप्या मराठीत वर लिहिल्या असत्या, तर मथळा देणाऱ्याला एवढे सोपे गेले नसते.

आधारभूत किमतीचे तसेच. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये जाहीर झाले आणि खर्चाच्या दीडपट दिले असे सांगितले. खर्च धरला ५,१४०. गुणून पाहा, बरोबर ७,७१० येतात. संकरित ज्वारीचे २,४६६ दीडने गुणा, ३,६९९ येतात. गुणाकारात खोट नाही. गुणकही दीडच आहे. वाद आहे तो गुण्याचा. त्या ५,१४० मध्ये रोखीचा खर्च आणि घरच्यांची मजुरी आहे. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज नाही. शिवाय तो साऱ्या देशाचा सरासरी खर्च आहे, त्यात पाटपाण्याचा कापूसही आला आणि आपला आभाळाकडे बघणाराही. हे दोन खर्च, एक लहान एक मोठा, मूल्य आयोगाच्या अहवालात शेजारीशेजारी छापलेले असतात. आपण ते पान उघडत नाही आणि भाषणात ‘दीडपट खोटे’ असे म्हणतो. समोरचा गुणाकार करून दाखवतो आणि आपण गप्प बसतो.

आपल्या घरचेही बोलले पाहिजे. बैठकीत कुणी उत्पादन खर्चाचा मोठा आकडा फेकला की टाळ्या पडतात. कुठल्या वावराचा, किती वर्षांचा, कुणी मोजला, हे आम्ही विचारत नाही. कारण तो आकडा आपल्या बाजूचा असतो. तलाठ्याला आपण पेरा सांगताना कधी अनुदान बघून वाढवतो, कधी दुसरे काही बघून कमी करतो. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, आपल्या पिकाची नोंद आपण मोबाइलवर करायची. म्हणजे वहीत पहिली ओळ लिहायचा अधिकार हातात आला. किती जणांनी ती स्वतः केली? शेवटच्या तारखेला पोराला म्हणायचे, लाव काहीतरी. मग २०२३ च्या कापूस-सोयाबीनचे अनुदान वाटायची वेळ आली तेव्हा नोंद नाही म्हणून रडारड. चुकीचा पेरा वर गेला की चुकीचा अंदाज खाली येतो, हे चाक आपणही फिरवतो.

तरीही दोष वाटायचा झाला तर मोठा वाटा सरकारचा. लोकांना आकडे वाचायला शिकवायचे आणि नको असलेला आकडा दाबायचा, या दोन गोष्टी एकत्र चालत नाहीत. २०१७-१८ च्या बेरोजगारीच्या पाहणीचा अहवाल अडवून ठेवला म्हणून जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे कार्यकारी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सदस्या जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले. निवडणूक उरकल्यावर मे महिन्यात तो अहवाल बाहेर आला. त्याच वर्षाच्या घरखर्चाच्या पाहणीचे आकडे तर दर्जा बरा नाही असे म्हणून सरकारने रद्दच केले. आकडे खरेच कच्चे असतील तर कुठे कच्चे आहेत ते दाखवून ते छापायचे होते, लोकांनी पारखले असते. विलायतेत २०१७ साली तिथल्या परराष्ट्रमंत्र्यांनी, बोरिस जॉन्सन यांनी, युरोपला आठवड्याला ३५ कोटी पौंड जातात असा जुनाच दावा पुन्हा केला. तेव्हा तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाच्या अध्यक्षांनी, हा आकड्याचा गैरवापर आहे, असे जाहीर पत्र त्यांना लिहिले. मंत्री तोच राहिला, दावाही पुरता मेला नाही. पण वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला त्या दिवशी ढोबळ रक्कम आणि निव्वळ रक्कम यांतला फरक कळला. आपल्याकडे एखाद्या मंत्र्याने उत्पन्न दुप्पट झाल्याचे सांगितले, तर संचालनालयाकडून असे पत्र निघेल का?

आकडे कळले म्हणून कापसाला भाव मिळतो का, असे कुणी विचारेल. नाही मिळत. हे कबूल करूनच आम्ही लिहितो आहोत. पण विम्याचे दार ५२५ वर उघडते की ५६० वर बंद होते, हे भावाच्या आंदोलनाची वाट बघत नाही. तो निकाल दरवर्षी लागतो, आपल्या पाठीमागे.

म्हणून सांख्यिकी आणि कृषी खात्याकडे या बैठकीतून एकच मागणी नेऊ. मंडळातल्या प्रत्येक पीक कापणी प्रयोगाचा कागद अंतिम होण्याआधी पंधरा दिवस ग्रामपंचायतीत लागावा आणि ग्रामसभेत वाचला जावा. त्यावर चिठ्ठीने निघालेला गट, तारीख, तुकड्याचे माप, ओले वजन, वाळलेले वजन, कापूस असेल तर प्रत्येक वेचणीचे वजन, आणि पाणी दिले की नाही, एवढे असावे. सोबत मागच्या सात वर्षांचे आकडे आणि त्यावरून काढलेला उंबरठा. कापसात २०२३ पासून उपग्रहावरच्या अंदाजालाही हिस्सा दिला आहे, तो अंदाज वेगळा दाखवावा. हे सगळे एका पाठकोऱ्या कागदावर बसते. गावातल्या शाळेच्या गुरुजींना तो कागद द्यावा. आगगाडी आणि बोगद्याची गणिते घालण्यापेक्षा पोरांना आपल्या मंडळाचा उंबरठा काढायला लावता येईल, आणि तो पोरगा घरी जाऊन बापाला विचारेल.

खाते हे करील तेव्हा करील. माघ-फाल्गुनात शाळू काढणीला येईल तेव्हा प्रत्येक गावातून दोन माणसांनी, त्यात एक बाई असावी, हे काम अंगावर घ्यावे. गावातले जिरायत शाळूचे गट चिठ्ठ्यांवर लिहून मडक्यात घाला आणि लहान पोराकडून पाच चिठ्ठ्या काढून घ्या. निघेल तो गट घ्यायचा, पडका बघून घ्यायचा नाही. पडका निवडला तर तो पुरावा होत नाही, आपलीच फसवणूक होते. दहा मीटर लांब दहा मीटर रुंद तुकडा आखा, तो जवळजवळ गुंठाभर भरतो. कडेच्या ताटाचे बूड दोराच्या आत असेल तर आत, बाहेर असेल तर बाहेर. मळून, वाळवून दाणे तोला. किलोला शंभराने गुणले की हेक्टरी आणि चाळीसने गुणले की एकरी उत्पन्न. गट नंबर, तारीख आणि पाणी दिले की नाही ते वहीत लिहा. कापूसवाल्यांनी हेच वेचणीवार करावे. काढणीनंतरच्या बैठकीला या वह्या रांजणगावला घेऊन या, मंडळाचे सरकारी आकडे आम्ही आणून ठेवतो. दोर दहा मीटरचा टेपने मोजून घ्या, पावलांनी नको.